दोराचा खांदा

माझ्या भावाचा खांदा मी आठ वेळा बसवला. नवव्या वेळी बसवला नाही. लोक मला त्या नवव्या वेळेबद्दलच विचारतात. आधीच्या आठांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, आणि खरी चूक तिथेच झाली. म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्येमध्ये 'अगं पण' करायचं नाही, मला राग येतो.

भावाला सगळे बारक्या म्हणतात. जन्मला तेव्हा काडी होता. आता दारातून आत येताना तिरका होऊन येतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि मी चौदाची. त्याला मी न्हाऊमाखू घातलं, बदडलं, शाळेत सोडलं आणि शाळेतून पळाला की कान धरून परत नेलं. माझं लग्न झालं तेव्हा माझ्या ट्रंकेबरोबर तोही आला. मी सासरी काय बोलणी खावी लागतील म्हणून धसका घेतला होता. हे मात्र त्याच्याकडे खालून वरपर्यंत बघून म्हणाले, "बरं झालं. मला दोराला माणूस मिळाला."

ह्यांचं काम उंच इमारती बाहेरून रंगवायचं. गच्चीच्या कठड्यावरून लोखंडी तुळई बाहेर काढतात, तिला दुहेरी कप्पी लावतात आणि कप्पीतून दोर घेतात. खाली पाट टांगलेला, त्या पाटावर माझा नवरा, मांडीशी रंगाचा डबा. दोराचं दुसरं टोक गच्चीतल्या माणसाकडे. खालून "सोड" ऐकू आलं की सोडायचं, "घे" ऐकू आलं की ओढायचं. कमरेला पट्टा असतो म्हणा, पण तो त्याच पाटाला बांधलेला. म्हणजे माणूस पडलाच तर पाटासकट पडणार, एवढीच काय ती सोय.

या लोकांची एक रीत आहे. दोर धरायला बायकोचा भाऊ घ्यायचा. परक्याला कंटाळा येईल, त्याचं लक्ष रस्त्यावर जाईल, पण बायकोचा भाऊ आपल्याच बहिणीला उघड्यावर टाकणार नाही, असा हिशेब. आणि दोर खांबाला गुंडाळायचा नाही, अंगावर धरायचा. उजव्या खांद्यावरून पाठीमागे, तिथून डाव्या काखेखालून पुढे. खांबाला वेढे दिले तर त्याचा अर्थ, माझा मेहुण्यावर भरवसा नाही. तशी माणसं या धंद्यात चेष्टेचा विषय होतात. आणि शेवटचं म्हणजे, ज्याच्या हातून दोर एकदा सुटला, त्याच्या हातात पुन्हा कोणी दोर देत नाही. मग तो सख्खा असो नाहीतर सोन्याचा.

बारक्याने सात वर्षं दोर धरला. गच्चीवर पाय रोवून उभा राहिला की हे खाली गाणं म्हणायचे. सुरात नाही, पण मोठ्याने.

पहिल्यांदा खांदा निखळला तो जिन्यात. रंगाचा भरलेला मोठा डबा घेऊन उतरताना पाय घसरला आणि पडता पडता त्याने डोक्यावरचा कठडा पकडला. अंग खाली आलं, हात वरच राहिला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो खुर्चीत बसून डाव्या हाताने उजवा हात तान्ह्या मुलासारखा सांभाळत होता. शर्ट काढलेला होता. मी शिवणकाम करते. माणसाचा खांदा मला पाठ असतो, कुठे गोल आहे, कुठे उतार आहे, बाही कुठे बसणार. बारक्याच्या उजव्या खांद्याला गोलाईच नव्हती. हँगरवर शर्ट अडकवावा तसा तिथे कोपरा आला होता, आणि खाली पुढच्या बाजूला एक गोळा.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी आधी एक टाचणी घेतली आणि दंडाच्या बाहेरच्या अंगाला, बरोबर जिथे बाहीची शिवण येते त्याच्या थोडं खाली, टोचली. "टोचतंय?" "टोचतंय!" मग त्याला उंच टेबलावर पालथं झोपवलं, हात टेबलाखाली लोंबकळू दिला आणि मनगटाला पट्टीने पाण्याचा कॅन बांधला. म्हणाल्या, "आता घाई नाही. स्नायू दमले की सोडतील." वीस मिनिटं गेली. बाईंनी पाठीवरचं हाड जरासं ढकललं, आत कुठेतरी बुळुक झालं आणि माझ्या भावाला एकदम रडू आलं. दुखून नव्हे, दुखायचं थांबलं म्हणून. मग पुन्हा टाचणी. "टोचतंय?" "टोचतंय."

बाईंनी सांगितलं ते मी शब्द न् शब्द ऐकलं. तीन आठवडे झोळी. नंतर व्यायाम. हात वर आणि बाहेर नेऊन मागे वळवायचा नाही. तरुण माणसाचा एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळतो, आणि पुन्हा निखळला तर ऑपरेशन करून घ्या, मग सहा महिने जड काम बंद.

ह्यांना आम्ही सांगितलं, मुका मार लागलाय, तीन आठवडे विश्रांती. त्या तीन आठवड्यांत हे भिंती घासायची, आतली कामं करत राहिले. बारक्याशिवाय दोरावर बसले नाहीत. एका शब्दाने कुरकुरले नाहीत. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बारक्या म्हणाला, "ताई, दाजी दोर काढून घेतील. मग मी करू काय, तुझी काजं-बटणं करू?" मला हसू आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, राहू दे झाकलेली.

पुढच्या खेपेला निखळला तो घरी, फळीवरचा डबा काढताना. माझी मोजणी इथून. हे बाहेर गेले होते. बारक्या भिंतीला टेकून घामाने निथळत म्हणाला, "दवाखान्यात नको. तिथे लिहून ठेवतात." आणि माझी नजर माझ्या कापडं कापायच्या टेबलावर गेली. उंच आणि लांब, बाईंच्या टेबलासारखंच.

त्याला पालथं घातलं. हात खाली सोडला. मनगटाला साडीची किनार बांधली, किनारीला बादली, आणि तांब्या-तांब्याने पाणी ओतत गेले. त्याच्या डोक्याशी बसून मी लहानपणच्या गोष्टी काढल्या. पाठीवरचं हाड जरा ढकललं. बुळुक. मी माझ्या कॉलरला खोचलेली सुई काढून टोचली, बाईंनी टोचली होती तिथेच. "टोचतंय?" "अगं आई गं, टोचतंय! किती जोरात!" दोघंही वेड्यासारखे हसलो.

खरं सांगते, मला अभिमान वाटला. शिकलेले लोक पाच-पाच वर्षं घालवतात आणि मी एकदा बघून केलं! तिसऱ्या वेळी मला बादली अर्धीच लागली. पाचव्या वेळी मी एका बाजूला परकर शिवत होते. प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा सोपा बसायचा. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की सोपा बसतो म्हणजेच सोपा निघतो.

सातव्या वेळी तो शिंकला म्हणून निखळला.

आठवी वेळ त्या नवव्या वेळेच्या आदल्या संध्याकाळी. शर्टाच्या बाहीत हात घालत होता, बस्स. बाहीत! मी टेबलावरचं कापड ओढून खाली टाकलं. पाच मिनिटांत बसवला. सुई टोचली. तो जरा थांबला आणि मग म्हणाला, "टोचतंय." ते थांबणं माझ्या मनातून जाईना.

"बारक्या, उद्यापासून दोर बंद. तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो ना."

"कधी?"

"सकाळी. तुझी शपथ. आधी म्हणतो ताप आहे, मग दोन दिवसांनी नीट सांगतो."

"दोराला कोणाचा जीव असतो, ते ठाऊक आहे ना?"

"ताई," तो म्हणाला, "सात वर्षं मीच धरलाय."

सकाळी मी पाणी भरून आले तोवर दोघंही निघून गेले होते. म्हटलं, गेले असतील, बोलत बोलत जाताहेत, वाटेत सांगेल. मशीनवर बसले. दोन शिवणी वाकड्या गेल्या. उठून त्याच्या अंथरुणाची घडी करायला घेतली तर उशीखाली झोळी. नीट घडी करून ठेवलेली. आठव्या खेपेनंतर निदान चार दिवस घालायची ती झोळी, ह्यांना दिसू नये म्हणून काढून ठेवलेली. माझ्या शपथेची ही किंमत! मेल्याने माझी शपथ घेतली आणि उशीखाली ठेवली. पायांत चपला अडकवल्या आणि तशीच धावले.

इमारत दोन रस्ते सोडून होती. अकरा मजली, नवी, अजून कोणी राहायला आलं नव्हतं. खालून वर पाहिलं. आठव्या मजल्याशी पाट दिसला आणि पाटावरचे ह्यांचे पाय. पाट हलत नव्हता. हे गात नव्हते.

लिफ्ट बसायची होती. जिना चढायला लागले. प्रत्येक मजल्यावर तीच ओल्या सिमेंटचा वास मारणारी रिकामी खोली, तेच दार नसलेलं दार. पाचव्या मजल्यावर ह्यांची हाक ऐकू आली, "बारक्या, घे वर." उत्तर आलं नाही. सहाव्या मजल्यावर पुन्हा, "अरे घे की! झोपलास का?" आणि वरून, खूप उशिराने, बारक्याचा आवाज, "घेतो, दाजी. थांबा जरा." तो आवाज मी ओळखते. पालथं झोपवल्यावर पहिला तांब्या ओतताना तो असाच बोलतो.

गच्चीत पोचले. बारक्या कठड्याला डावा पाय लावून मागे रेललेला. दोर पाठीवरून गेलेला, शेपूट डाव्या मुठीत, मूठ पांढरीफटक. आणि उजव्या खांद्याला कोपरा. दोर त्या कोपऱ्यावरूनच गेला होता. खाली माझा नवरा लटकत होता, आणि वर प्रत्येक श्वासाबरोबर तो दोर त्या निखळलेल्या सांध्यात आणखी आणखी रुतत होता.

"किती वेळ?" मी विचारलं.

"माहीत नाही. ओढायला हात वर केला आणि... ताई, हळू बोल. दाजींना कळेल."

तशाही स्थितीत त्याला पडलं होतं काय, तर दाजींना कळेल! मला रडावं की हाणावं कळेना. रीत गेली खड्ड्यात. त्याच्यामागे लोंबणारं दोराचं टोक उचललं आणि पाण्याच्या टाकीच्या लोखंडी खांबाला एक वेढा दिला, दोन दिले, तीन दिले, वर शिवणकामाची गाठ मारली, तीन वेळा उलटसुलट. मग कठड्यावरून वाकून ओरडले, "अहो! खिडकीतून आत व्हा! आत्ताच्या आत्ता! विचारू नका!"

ह्यांनी वर पाहिलं. माझं तोंड बघितलं आणि विचारलं नाही. पाय खिडकीच्या चौकटीला लावले, पाट ओढून घेतला, आत उतरले. दोर एकदम सैल पडला. मी तिथेच खाली बसले.

बारक्याही गुडघ्यांवर आला होता. दात आवळून माझ्याकडे सरकत म्हणाला, "ताई, लवकर. बसव. दाजी जिना चढून येतील तोवर बसव. तो रंगाचा डबा घे, या टाकीच्या ओट्यावर झोपतो. तुला दोन मिनिटं लागतात. बसव ना गं."

दोन मिनिटं लागली असती, हे खरं आहे. तीन मजले चढायला ह्यांना तेवढीच लागणार होती.

"नाही," मी म्हणाले.

"ताई?"

"नाही बसवणार. असाच बघू देत त्यांना. डॉक्टरलाही असाच बघू देत. मी बसवला की तू उद्या परत इथे उभा राहशील."

"शपथ घेतो..."

"तुझ्या शपथा उशीखाली असतात!"

आता मी म्हणू शकते की भल्यासाठी केलं. केलंही होतं. पण त्या क्षणी माझ्या पोटात भलंबिलं काही नव्हतं, निव्वळ संताप होता. माझा नवरा लटकत असताना हा नाव राखत बसला होता. म्हटलं, दुखू दे. हो, असंच म्हटलं मनात. दुखू दे मेल्याला.

हे वर आले. आधी खांबाचे वेढे बघितले, मग खांदा, मग मला. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"दीड वर्षं," मी म्हणाले. "आठ वेळा मी बसवलाय."

हे खांबाशी गेले, माझी गाठ सोडवायला लागले. सुटेना.

दवाखान्यात न्यायला मुकादमाची गाडी हवी, ती माल आणायला गेलेली. येईल, येईल म्हणता अर्धा तास गेला. बारक्याचं कण्हणं बदललं, बारीक झालं. माझा राग उतरला आणि मागे नुसती भीती उरली. म्हटलं, "ये, झोप, बसवते." ओट्यावर पालथा घातला, मनगटाला डबा बांधला, ह्यांनी पाय धरले. खांदा बसेना. तो सुजून दगड झाला होता. मी पाठीवरचं हाड ढकललं, मग हात ओढला, मग जोरात ओढला. बाईंनी कधी ओढला नव्हता, मी ओढला. तो जे ओरडला ते खाली रस्त्यावर ऐकू गेलं म्हणतात. ह्यांनी माझे हात धरून मला बाजूला केलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी टाचणी काढली. "टोचतंय?"

बारक्या वाट बघत राहिला. "टोचा ना," तो म्हणाला.

टाचणी टोचलेलीच होती.

भूल देऊन खांदा बसवला, पुढे ऑपरेशन झालं. बाईंनी मला बाहेर बाकावर बसवून सांगितलं. खांद्याला वळसा घालून एक नस जाते, ती दबली किंवा ताणली गेली. हात वर उचलणारा स्नायू तिच्यावर चालतो. येईल परत, कदाचित सहा महिन्यांत. कदाचित नाही. मी विचारलं, कशाने झालं? दोराने? उशिराने? मी ओढल्याने? त्या म्हणाल्या, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. मग विचारलं त्यांनी, "आधीच्या वेळी कोण बसवत होतं?"

"मी."

"हात चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "म्हणूनच एवढा उशीर झाला."

त्यापेक्षा दोन मुस्कटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ह्यांचा दोर खांबाला असतो. तीन वेढे, वर पक्की गाठ, आणि सोडाय-ओढायला मुकादमाने दिलेला कोणीतरी. सुरुवातीला बाकीचे रंगारी हसले. हे म्हणाले, "लोखंडाला बहीण नसते, ते कोणापासून काही लपवत नाही." मला उद्देशून म्हणाले नसतील. घरात आम्हा दोघांना एका शब्दानेही बोलले नाहीत. बारक्याला शर्ट हेच घालतात, आधी उजवी बाही, मग डावी. तो खरोखरच माझी काजं-बटणं करतो, एका हाताने जमतील तेवढी. बाहीखाली खांदा असा वाळला आहे की त्याचे शर्ट मी उजवीकडे दोन बोटं आत घेऊन शिवते.

आणि दर रविवारी सकाळी सुई. बाईंनीच सांगितलंय, नस परत येत असेल तर आधी तिथेच कळेल. तो कापायच्या टेबलावर डोळे मिटून बसतो, मी टोचते. "टोचतंय?" "नाही." पाच महिने झाले. वीस-एकवीस रविवार.

परवाच्या रविवारी तो बसला. डोळे मिटले. ह्यांची पलीकडे दाढी चालली होती. मी बाही वर सारली, तो वाळलेला दंड हातात धरला.

"टोचतंय!" बारक्या ओरडला. "ताई, टोचतंय गं! दाजी, टोचलं! आलं परत!"

हे साबण लागलेल्या तोंडाने धावत दारात आले. बारक्या डोळे मिटूनच हसत होता, लहानपणी शाळा बुडवून आल्यावर हसायचा तसा. म्हणाला, "आता दोन महिने. दोन महिन्यांत दोर माझ्या हातात द्या, दाजी. ताई सांगेल, टोचलंय ते. सांग ना, ताई."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरंच टोचलं?"

सुई अजून माझ्या कॉलरलाच होती.

एक हो म्हटलं असतं की झालं असतं. घरात पाच महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी हसत होतं. माझ्या जिभेवर तो हो आला होता, खोटं कशाला बोलू. तसे आठ हो मी आधी देऊन बसले होते.

मी कॉलरची सुई काढली. ह्यांना दिसेल अशी वर धरली आणि मग बाहीच्या शिवणीखाली, तिथेच, अर्धी आत जाईल एवढी टोचली. रक्ताचा थेंब आला, मोठा झाला, कोपराकडे ओघळला. ह्यांनी मान खाली घातली.

बारक्या डोळे मिटून अजून हसतच होता.